वाघ्याच्या पाठीवरून हात

पाऊस नुकताच उघडला होता आणि वडोदऱ्यातल्या जनावरांच्या दवाखान्याच्या दारात सगळ्यांच्या चपलांनी चिखल आणला होता. आमच्या वाघ्या कुत्र्याला पायांत घेऊन मी बाकावर बसले होते. तेवढ्यात सत्तरीचे एक गृहस्थ आत आले. छातीशी धरलेली पॉमेरेनियन कुत्री, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली. तोंड तेवढं बाहेर होतं, पण मानेपाशी कापड सरकलं होतं आणि तिथं केस नव्हतेच. काळी पडलेली, सुरकुतलेली कातडी दिसत होती. बाकावर जागा होती. मी सरकून घेतलं. पण ते आले नाहीत. कुणी नाक मुरडलं नव्हतं, कुणी मुलाला मागे ओढलं नव्हतं, तरी ते सरळ कोपऱ्यात चपलांच्या स्टँडपाशी जाऊन उभे राहिले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "आ चेपी नथी, हों." हे कुणाला लागत नाही.

त्या वाक्याने मला पुढे बरेच दिवस सोडलं नाही. इतकं सरावाने आलं होतं ते. सोसायटीच्या लिफ्टमध्ये, कमाटीबागेच्या फाटकाशी, नातेवाइकांच्या दारात किती वेळा म्हणून झालं असेल, तेव्हा कुठे माणूस कुणी विचारायच्या आधीच ते म्हणून टाकतो. आत तपासणी चालू होती तेव्हा दार अर्धवट उघडं होतं. डॉक्टरबाई सांगत होत्या की पॉमेरेनियनमध्ये हे पुष्कळदा दिसतं, खाज नाही, किडे नाहीत, बुरशी नाही, हार्मोनच्या गडबडीने अंगावरचे केस जातात आणि कातडी काळी पडते. थायरॉइडसाठी रक्त तपासून घेऊ, पण ती खातेपिते, खेळते, तिला त्रास काही नाही, दिसायला तेवढं बरं दिसत नाही. त्यावर ते म्हणाले, "मने तो गमे छे, बेन." मला आवडते ती.

दुखण्यांत कातडीचं दुखणं वेगळंच. पाय मोडलेलं कुत्रं रस्त्यात दिसलं तर आपण थांबतो, वाटीभर दूध आणतो, कुणाला तरी फोन करतो. केस गेलेलं, खपल्या धरलेलं कुत्रं दिसलं की आधी हात मागे जातो, मग पाऊल. यात दुष्टपणा नसतो. अंगाला काही लागू नये ही भीती फार जुनी आहे, आणि काही वेळा ती खरीही असते. पण कुत्र्याला आरसा नाही. आपण कसे दिसतो हे त्याला ठाऊक नसतं. कालपर्यंत डोक्यावरून फिरणारा हात आज फिरत नाही, एवढंच त्याला कळतं. आणि ज्याला खाजेने रात्रभर झोप नाही, त्याच्याच वाट्याला हे यावं याचं मला फार वाईट वाटतं.

आमचं घर दांडिया बाजारातल्या एका गल्लीत, दारापुढे ओटला असलेलं, जुनं. गल्लीच्या तोंडाशी स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज आहे; माझ्या लहानपणी होतं, आजही आहे, मालकाची पिढी बदलली. त्या काळी लूत लागलेल्या कुत्र्यावर एकच औषध सगळ्यांना माहीत होतं, जळकं ऑइल. इंजिनातून काढलेलं काळं ऑइल डब्यातून आणून कुत्र्याच्या पाठीवर ओतायचं. ओतणाऱ्याला वाटायचं, आपण त्या मुक्या जिवाचं भलं करतोय, आणि बघणाऱ्यांनाही तसंच वाटायचं. कुत्रं पळत सुटायचं, भिंतींना अंग घासायचं, मग कुठेतरी सावलीत बसून चाटत राहायचं. तो वास अजून माझ्या नाकात आहे, पेट्रोल आणि जळकट लोखंड एकत्र झाल्यासारखा काहीतरी. पुढे काही दिवस ते कुत्रं दिसायचं आणि मग दिसेनासं व्हायचं. जळक्या ऑइलमध्ये इंजिनाच्या झिजेतून आलेले धातू असतात, तेलाचे विषारी अंश असतात; चाटून ते पोटात जातात, आधीच सोललेल्या कातडीतून आत मुरतात, आणि वरून उन्हात अंग भाजून निघतं. किडा मेला तरी कुत्रं वाचायची खात्री नाही. हे मला कळलं ते फार उशिरा, दवाखान्यातल्या बाकावर. गल्लीत तेव्हा ते सांगणारं कुणी नव्हतं.

वडोदऱ्याच्या मराठी घरांत गरुडेश्वरला जाणं असतंच. नर्मदेच्या काठी टेंबे स्वामींची समाधी आहे, १९१४ सालची. आम्ही लहानपणी जायचो तेव्हा आजी आधी दत्ताच्या तसबिरीला नमस्कार करायची, मग त्याच्या पायाशी असलेल्या चार कुत्र्यांना वेगळा. चार वेद ते, असं सांगायची. घाटाच्या पायऱ्यांवर खरी कुत्री असायची, त्यातली काही अगदी उघडी पडलेली, आणि आजी त्यांनाही पोळी घालायची, पण लांबून, हात उंच करून. "त्यांना दे, पण शिवू नको," असं मला बजावायची. तिच्या मनात माया आणि भीती दोन्ही एकत्र नांदत होती. मला तिचं ते लांबून पोळी टाकणं आता दिसतं तेव्हा तिच्यावर राग येत नाही. कुठल्या कुत्र्याला शिवलं तर चालतं आणि कुठल्याला नाही, हे तिला कुणी सांगितलं असतं, तर ती खाली बसून भरवायला मागे राहिली नसती.

वाघ्या आमच्याकडे पुरातून आला.

२०२४च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी पात्र सोडून शहरात शिरली, रस्त्यांवर मगरी निघाल्या, अकोटा भागातल्या खालच्या मजल्यांत पाणी भरलं. पाणी उतरल्यावर माझ्या भाच्याला जिन्याच्या वळणावर एक पिल्लू सापडलं. आई नव्हती, भावंडं नव्हती. तांबूस रंग, पोट फुगलेलं, अंगाला त्या गाळाचा वास. आमच्याकडे आला तेव्हा चांगला होता. काही आठवड्यांनी उजव्या डोळ्याभोवती केस विरळ झाले, मग ओठाच्या कडेला, मग पुढच्या पायावर. खाजवत नव्हता फारसा. शेजारच्या काकू बघून गेल्या आणि म्हणाल्या, "अगं, लूत आहे ही. गंधक आणि खोबरेल लाव." दुसऱ्या एकीने हळद सांगितली, तिसरीने कडुनिंबाचा पाला उकळून. सगळ्या मनापासून सांगत होत्या. एकीने तर स्वतःच्या घरातली खाजेची ट्यूब आणून दिली, निम्मी वापरलेली, शेपटाकडून गुंडाळलेली.

त्या ट्यूबबद्दल थोडं लिहिणं भाग आहे. आपल्याकडे घरोघरी अशी एक ट्यूब असते. त्यात बुरशीवरचं औषध, जंतूंवरचं औषध आणि जोरदार स्टेरॉइड असं तिन्ही एकत्र. लावल्याबरोबर खाज थांबते, म्हणून ती सगळ्यांना गुणाची वाटते. स्टेरॉइड करतं काय, तर कातडीची प्रतिकाराची धडपडच दाबून टाकतं. लाली जाते, बरं वाटतं, आणि खाली जे वाढायचं ते निवांत वाढतं. माणसांमधला नायटा आज आपल्या देशात इतका हट्टी झाला आहे, साध्या औषधांना दाद देईनासा झाला आहे, त्याला या ट्यूबांचा हातभार आहे असं त्वचेचे डॉक्टर कळकळीने सांगत आले आहेत. कुत्र्याला ती लावली तर दोन धोके. तो चाटतो. आणि वाघ्याला जे झालं होतं, त्यात तर स्टेरॉइड म्हणजे किड्यांना मोकळं रान. ट्यूब मी ठेवून घेतली, देणारीला वाईट वाटू नये म्हणून, आणि लावली नाही.

डॉक्टरबाई आणंदच्या पशुवैद्यक कॉलेजात शिकलेल्या, बोलायला थोड्या, हाताने हलक्या. त्यांनी वाघ्याच्या पायावरची कातडी चिमटीत धरून जरा दाबली, ब्लेडला तेलाचा थेंब लावला आणि केसांच्या दिशेने हळूहळू खरवडायला सुरुवात केली. वाघ्याचं डोकं माझ्या काखेत. खरवडता खरवडता कातडी गुलाबी झाली, मग त्यावर रक्ताचे अगदी बारीक ठिपके उमटले, तेव्हा त्या थांबल्या. "इतकं खोल जावंच लागतं," म्हणाल्या, "हे किडे केसांच्या मुळाशी असतात." ब्लेडवरचा तेलकट मळ काचपट्टीवर पुसला, वर दुसरी काच ठेवली आणि मायक्रोस्कोपखाली सरकवली. मग मला बोलावलं. आधी नुसतेच केसांचे तुकडे आणि तेलाचे फुगे दिसले. मग एक काहीतरी हललं. जिऱ्याच्या दाण्यासारखा लांबुळका देह, पुढच्या भागात आखूड पायांच्या चार जोड्या, आणि ते पाय सावकाश हलत होते. डेमोडेक्स.

मला वाटलं होतं, बघून शिसारी येईल. आली नाही. हे किडे पिल्लाला आईकडूनच येतात, जन्मल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत, दूध पिताना अंगाला अंग लागून. जवळपास प्रत्येक कुत्र्याच्या कातडीत ते थोडेफार असतात आणि कुणाला काही करत नाहीत. पिल्लाची उपासमार झाली, जंत झाले, फार हाल झाले, की शरीराचा पहारा ढिला पडतो आणि ते वाढतात. पुष्कळ पिल्लांत दोन-चार चट्टे येऊन आपोआप भरूनही निघतात. वाघ्याचे वाढत गेले होते, त्यात पुळ्या झाल्या होत्या, म्हणून औषध हवं होतं. मी काचेतून बघत होते आणि मनात येत होतं की पुराने त्याची आई नेली, आणि तिच्या अंगचं म्हणून त्याच्याकडे राहिलं ते हे. डॉक्टरबाई म्हणाल्या, "माणसांना लागत नाही हे. घरातल्या धडधाकट कुत्र्यालाही सहसा नाही. हात लावा खुशाल, जेवढा लावायचा तेवढा."

हात लावायला कुणीतरी असं स्पष्ट सांगावं लागतं. कारण लूत म्हणून आपण ज्याला एकच नाव देतो त्यात निरनिराळी दुखणी आहेत आणि हाताने काय करायचं ते प्रत्येकात वेगळं. खरजेचा किडा, सार्कोप्टिस, हा कातडीत बोगदे करतो. त्याची खाज जीवघेणी. कानाच्या कडा, कोपरं, पोट आधी उघडं पडतं. कानाची कड दोन बोटांत धरून चोळली की कुत्र्याचा मागचा पाय आपोआप खाजवायला उठतो, डॉक्टर ते करून बघतात. ही खरूज माणसाला लागते, पुरळ येतं, म्हणून तिथे हातमोजे, अंथरुणं गरम पाण्यात, आणि घरातल्या सगळ्या कुत्र्यांना औषध. नायटा म्हणजे बुरशी. तिचे बीजाणू गादीत, सतरंजीत महिनोन्महिने टिकतात आणि लहान मुलांना पटकन लागतात. मग पिसवांची ॲलर्जी, त्यात शेपटीच्या बुडाशी केस जातात. मग हवेतल्या परागाची, धुळीतल्या कणांची ॲलर्जी, त्यात पंजे चाटून चाटून तांबडे होतात, कान पुन्हा पुन्हा चिघळतात. पिसवा, नुसती ॲलर्जी आणि त्या पॉमेरेनियनसारखी हार्मोनची गडबड, यांतलं कातडीचं दुखणं आपल्याला लागत नाही. नुसतं डोळ्यांनी बघून ओळखायला जाऊ नये. चट्टे सारखेच दिसतात. ब्लेड, काच आणि मायक्रोस्कोप यांच्याशिवाय डॉक्टरही नाव घेत नाहीत.

औषध म्हणून गोळी होती, वजनावर बेतलेली, गोचिडांवर आणि पिसवांवर देतात तीच. देण्यापूर्वी त्यांनी विचारलं, कधी झटका आलाय का? झटके येणाऱ्या कुत्र्यात ती जपून द्यावी लागते. पूर्वी या दुखण्यावर अमित्राझच्या पाण्याने अंग भिजवायचे, उग्र वास, महिनोन्महिने चालायचं. आयव्हरमेक्टिन अजूनही ऐकीव माहितीवर दिलं जातं, आणि कोलीसारख्या मेंढपाळी जातींच्या कित्येक कुत्र्यांत एका जनुकातल्या दोषामुळे ते मेंदूपर्यंत पोचतं आणि जिवावर बेततं. केस आले म्हणजे झालं, असंही समजायचं नाही. महिन्याच्या अंतराने दोनदा खरवडून किडा सापडला नाही, तरच औषध थांबवायचं.

पुळ्यांसाठी क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा शाम्पू होता. तो लावून दहा मिनिटं अंगावर ठेवायचा, मग धुवायचा. लगेच धुतला तर काही उपयोग नाही. न्हाणीघरात ओल्या, थरथरणाऱ्या पिल्लाला दहा मिनिटं धरून ठेवणं म्हणजे काय, ते ज्याने केलं त्यालाच माहीत. घड्याळ तिथून दिसत नाही. मी रामरक्षा म्हणायला लागले. सावकाश म्हटली की साधारण तेवढाच वेळ जातो. त्यात डोक्यापासून पायांपर्यंत एकेका अवयवाचं रक्षण मागितलेलं आहे, आणि माझे हात आपोआप त्याच क्रमाने फिरायला लागले. कपाळ, डोळ्यांच्या कडा जपून, मग कान. कानांच्या ओळीत विश्वामित्राचं नाव येतं. ज्या नदीने हे पिल्लू माझ्याकडे आणून टाकलं तिचं नाव त्याच ऋषीवरून आलेलं, आणि तिथे माझा आवाज प्रत्येक वेळी जरा अडकायचा. मग मान, खांदे, पोट, मांड्या, गुडघे, पावलं. बोटांच्या बेचक्यांत फेस घालायचा, कारण ओल तिथेच राहते.

वडोदऱ्याच्या पावसाळ्यात ओल कुठे राहत नाही. कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, मग कुत्र्याचं अंग कसं वाळणार? कुत्र्याला घाम येतो तो फक्त तळपायांना, बाकी अंगाला वारा लागावा लागतो. जुन्या पंच्याने टिपून, पंख्याखाली, केस बोटांनी उलटे करून वाळवायचं; पोट, काखा, कानामागे विशेष. आंबूस वास यायला लागला की समजायचं, यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, धरलं. आपला साबण, आपला शाम्पू त्याला चालत नाही, कारण आपली कातडी आम्लाकडे झुकलेली आणि त्याची तशी नाही. शिवाय तिचा वरचा थर आपल्यापेक्षा बराच पातळ. इतके केस अंगावर असतात म्हणून आपल्याला तो राकट वाटतो. केस बाजूला करून बघितलं की कळतं, खाली किती नाजूक आहे.

खाण्याचा प्रश्न घरात जास्त अवघड होता. केस म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रथिन, आणि दहीभात-पोळीवर वाढणाऱ्या पिल्लाला ते पुरत नाही, अंडी सुरू करा, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, स्वयंपाकघरात आजवर अंडं आलेलं नाही. मी विचारलं तेव्हा त्या हिंचक्यावर होत्या. बराच वेळ हिंचका चालू राहिला. मग म्हणाल्या, "ओटल्यावर उकड. भांडं वेगळं ठेव." त्यांना ते आवडलं नव्हतं आणि अजूनही आवडत नाही, उकडताना त्या आतल्या खोलीत जाऊन बसतात. पण त्याच सासूबाई, वाघ्या पुरता उघडा पडलेला असतानाही, हिंचक्यावर बसून पाय खाली त्याच्या पाठीवर ठेवायच्या. पाहुणे बघायचे. कुणी काही म्हटलं तर त्या म्हणायच्या, "त्याला गार वाटतं." कोटा-फरशी आणि सासूबाईंचे तळवे, दोन्ही गार. चट्टे भरले, आधी मऊ लव आली, मग तांबूस केस, डोळ्याभोवती सगळ्यात शेवटी.

आता रोज संध्याकाळी मी त्याच्या अंगावरून फणी फिरवते आणि मागून उलट्या हाताने चाचपते. गोचीड केसांत दिसत नाही, बोटाला लागते. गाठ, ओलसरपणा, एखादी खपली, सगळं बोटांनाच आधी कळतं. त्याला ते लाड वाटतात. तो पाठ वर करतो, मान वळवून बघतो, आणि मी कुठे थांबले तर पंज्याने माझा हात ओढतो.

यंदा पावसाळ्याच्या सुरुवातीला गॅरेजपाशी राहणाऱ्या काळीचे कान उघडे पडले. नसबंदी झालेली, कानाला खाच असलेली, गल्लीतली सगळ्यात जुनी कुत्री. ती इतकी खाजवायची की गॅरेजच्या पत्र्यावर तिचा पाय आपटण्याचा आवाज रात्री आमच्यापर्यंत यायचा. तिथला कामाला असलेला मुलगा जळक्या ऑइलचा डबा घेऊनच निघाला होता. मी त्याला थांबवलं, बसून सांगितलं, आणि तो ऐकून घेत होता. त्याला तिचं बरंच करायचं होतं. डॉक्टरबाई स्वतः येऊन बघून गेल्या. खरवडून काही सापडलं नाही, पण खरजेत किडा बऱ्याचदा सापडत नाही, लक्षणं बघून औषध द्यावंच लागतं, म्हणाल्या. तीन महिने पुरणारी गोळी उकडलेल्या अंड्यात घालून त्याच मुलाने भरवली. मग डॉक्टरबाईंनी त्याची मनगटं बघितली. बारीक पुरळ होतं. रोज दुपारी तो जेवताना काळी त्याच्या मांडीला टेकून बसते. "तू पण तुझ्या डॉक्टरला दाखव," त्या म्हणाल्या, "आणि बरी होईपर्यंत तिला मोज्यांशिवाय हात लावू नको." मुलाचा चेहरा पडला. तिला हे कसं समजवायचं, असं त्याने विचारलं. कुणाकडे उत्तर नव्हतं. त्याने गॅरेजमधले रबरी हातमोजे धुऊन वाळत घातले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर, गाड्यांच्या सर्व्हिसिंगच्या तारखा असतात तिथे, पुढच्या गोळीची तारीख लिहिली.